समुद्रपक्ष्यांवरील अरिष्ट

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत बास रॉक नावाचा एक खडक समुद्रातून उभा आहे. गॅनेट या शुभ्र समुद्रपक्ष्यांची ही जगातील सर्वांत मोठी वसाहत. २०१४ च्या गणतीत तेथे सुमारे ७५ हजार जोड्यांची घरटी होती. २०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्ल्यूने तेथे प्रवेश केला आणि २०२३ च्या गणतीत हा आकडा ५२ हजारांवर आला. पेरूच्या किनाऱ्यावर २०२२ च्या अखेरीपासून लाखाहून अधिक समुद्रपक्षी मेले. २०२४ च्या फेब्रुवारीत तर हा विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही आढळला.

या अनर्थाचा दोष रानपक्ष्यांच्या माथी मारण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस न्याय्य वाटत नाही. ज्या विषाणूच्या वंशातून ही साथ निघाली, तो १९९६ साली चीनच्या ग्वांगडुंग प्रांतात पाळीव हंसांत प्रथम सापडला. रानपक्ष्यांनी तो दूरवर नेला हे खरे. परंतु त्यांना तो मिळाला तो माणसाने दाटीवाटीने पाळलेल्या पक्ष्यांपासून, हे विसरून कसे चालेल?

महाराष्ट्राला या रोगाची ओळख आहे. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिली साथ उद्भवली ती नवापूरच्या कुक्कुटशाळांत. तेथे कोंबड्या मारून पुरता आल्या, मालकांना भरपाई देता आली आणि शाळा पुन्हा भरता आल्या. खडकावरील वसाहतीला यांपैकी कोणताच उपाय लागू पडत नाही. गॅनेटची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि पिलू वीण घालण्याजोगे होण्यास पाच वर्षे लागतात. एका उन्हाळ्यात गेलेले भरून येण्यास म्हणूनच दशके लागावयाची.

मग हात बांधून बसावयाचे काय? आमच्या मते तसे मुळीच नाही. रोग आवरता येत नसला, तरी वाचलेल्या पक्ष्यांवरील इतर भार हलका करता येतो. इंग्लंड व स्कॉटलंड यांनी २०२४ साली उत्तर समुद्रातील आपल्या हद्दीत सँडईल या लहान माशांची मासेमारी बंद केली. समुद्रपक्ष्यांच्या तोंडचा घास त्यांना परत देण्याचाच हा मार्ग होय. दुसरे कर्तव्य कुक्कुटशाळांत आहे. तेथील स्वच्छता, रानपक्ष्यांशी संपर्क टाळणे आणि रोग दिसताच तो न लपविता कळविणे, हा केवळ व्यापाराच्या हिशेबाचा प्रश्न उरलेला नाही. खुराड्यातली हयगय सातासमुद्रांपलीकडील खडक ओस पाडू शकते, एवढा धडा तरी सरकारांनी घ्यावा.