पार्ट बदलण्याआधी गाडी तपासा, हे स्पेअर पार्टवालाच सांगतोय



माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. डिझेल गाडी सुरू होत नाही म्हणून तुम्ही अंदाजाने चार पार्ट नेले, तर फायदा माझाच. तरी सांगतो, नेऊ नका.

डिसेंबरातली गोष्ट. आंबिया बहराचा संत्रा जोरात होता. काटोलकडचा एक पोरगा, धंदा नवा, पिकअप हप्त्यावर घेतलेली. रात्री माल भरून ठेवायचा आणि पहाटे कळमन्याच्या लिलावाला निघायचं. एक दिवस गाडी सुरूच होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. गावातला मिस्त्री म्हणाला, थंडी आहे, बॅटरी गेली. पोरानं माझ्याकडूनच नवी बॅटरी नेली. दोन दिवस चालली, तिसऱ्या पहाटे पुन्हा तेच. मग सेल्फ खोलला. मग कोणी म्हणालं नोझल गेले, आणि हा भाव विचारायला माझ्या काउंटरवर.

मी विचारलं, "दिवसा कशी उठते?"

"दिवसा तर अर्ध्या सेल्फला उठते, दादा."

इथेच शंका आली. डिझेल फिल्टरकडे येणाऱ्या पाइपचा क्लॅम्प ढिला होता. तिथून हवा शिरायची आणि रात्रभरात लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरायचं. नव्या बॅटरीने जोरात सेल्फ फिरला म्हणून दोन दिवस निभावलं. म्हणजे बॅटरी बसली ती बिघाडामुळे. बिघाड बॅटरीचा नव्हताच. क्लॅम्प चाळीस रुपयांचा. त्यापायी तीन लिलाव बुडाले, संत्रा नरम पडला. बीबीएला 'अपॉर्च्युनिटी कॉस्ट' आम्ही पाठ केली होती; मला ती त्या दिवशी कळली.

आता तुमचं काम. पेट्रोलसारखा स्पार्क प्लग डिझेलला नसतो. दाबलेली हवा तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेटतं. म्हणून आधी दोनच गोष्टी बघा: सेल्फ कसा फिरतो आणि सायलेन्सरमधून धूर येतो का.

सेल्फ टकटक करून थांबला तर बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंगची वायर. टर्मिनल घासून घट्ट करा, मग मीटर लावा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली पडत असेल तर बॅटरीवर संशय घ्या.

सेल्फ जोमात फिरतो पण धूर अजिबात नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा डिझेल पोहोचतच नाही. काटा खोटं बोलतो, टाकीत खरंच डिझेल आहे का बघा. फिल्टरमधलं पाणी काढा. क्लॅम्प, पाइप तपासा आणि हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. कॉमन रेल गाडीत रेलमध्ये पुरेसा दाब तयार झाल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही, त्यामुळे थोडी हवाही पुरते. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: जुन्या गाडीसारखा नोझलचा नट ढिला करून एअर काढायला जाऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

पांढरा धूर येतो पण गाडी पकडत नाही? डिझेल येतंय, पेटत नाहीये. हीटर प्लग बघा. तेही ठीक असतील तर कॉम्प्रेशन, आणि ते मात्र मिस्त्रीचं काम.

तुमच्यात जे गॅरेज टाकणार आहेत त्यांच्यासाठी माझं मत थोडं कडक आहे. तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि बिलावर तसे लिहा. आपल्याकडे गिऱ्हाईक सहा हजारांची बॅटरी मुकाट्यानं घेतं आणि तीनशे रुपये तपासणी म्हटलं की "नुसतं बघायचे पैसे?" विचारतं. म्हणून मिस्त्रीही पार्ट बदलूनच कमावतो. चूक एकट्या त्याची नाही, आपलीही आहे. आणि माझीही! ती बॅटरी मी एकही प्रश्न न विचारता विकली होती, आणि इलेक्ट्रिकचा माल परत होत नाही ही पाटी माझ्याच दुकानात आहे.

आता नोझल किंवा सेल्फ मागायला कोणी आलं, की आधी धुराचं विचारतो. काही जण चिडतात, शेजारच्या दुकानातून घेतात. महिन्याला दोन-चार विक्र्या जातात माझ्या.