आधी फिर्याद, मग प्रार्थना

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आईबाप ज्या भरवशाने पोराला तालमीतल्या वस्तादाच्या हाती देतात, त्याच भरवशाने ख्रिस्ती कुटुंबे मुलांना चर्चमध्ये पाठवतात. 2015 साली मुंबईतल्या शिवाजीनगरच्या चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला आणि हा भरवसा मोडला. मुलाच्या घरचे तेव्हाचे आर्चबिशप ऑस्वाल्ड ग्रेशियस यांना भेटले. आर्चबिशप त्याच रात्री रोमला निघाले होते. सहाय्यक बिशपांना लक्ष घालायला सांगितले, असे त्यांचे म्हणणे. पण पोलिसांना आपण कळवले नाही, हे त्यांनी पुढे मान्य केले. फिर्याद शेवटी घरच्यांनीच दिली. डिसेंबर 2021 मध्ये विशेष न्यायालयाने त्या चर्चचे फादर जॉन्सन लॉरेन्स यांना जन्मठेप सुनावली.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभराची कैद होऊ शकते. पाद्र्याच्या झग्याला यात सवलत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये पाद्री आणि नन यांना वरिष्ठांकडे तक्रार करणे सक्तीचे केले, ते चांगलेच. पण चर्चची घरातल्या घरात चौकशी म्हणजे पोलीस तपास नव्हे.

मूठभर ख्रिस्ती समाजाला बदनामीची धास्ती असते आणि ती अगदीच खोटी नाही. तिची किंमत मात्र लेकरांनी का मोजायची?

आता आपल्या गावाचे. मिशनरी वाइल्डर यांनी 1852 मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले. त्या परंपरेतल्या आणि इतरही सर्व चर्चनी 1098 हा बालमदत क्रमांक येत्या रविवारी दारावर लावावा.