शेवटची तारीख



परीक्षेचा निकाल लागला आणि यादीत तुमचे नाव आले, की घरात केवढा आनंद होतो! अम्मी शेजारी मिठाई पाठवते. अब्बा भेटेल त्याला सांगतात. वर्गशिक्षक फळ्यावर तुमचे नाव लिहितात. तुम्हांला वाटते, आपले काम झाले. मला मात्र वाटते, की तुमचे काम तेव्हा निम्मेच झालेले असते. उरलेले निम्मे काम कागदपत्रांचे असते आणि त्याला एक शेवटची तारीख असते. आज मी त्या तारखेविषयी तुमच्याशी बोलणार आहे.

आठवीत घेतल्या जाणाऱ्या एका परीक्षेचे उदाहरण घेऊ. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील हुशार मुलांसाठी केंद्र सरकारने २००८ साली एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना सुरू केली. शाळांमध्ये तिला 'एन.एम.एम.एस.' म्हणतात. पैशांअभावी मुलांनी आठवीनंतर शाळा सोडू नये, हा तिचा हेतू. महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे तिचे दोन पेपर असतात. प्रत्येक पेपर ९० गुणांचा. उत्तरे उर्दू माध्यमातूनही देता येतात. शासकीय, अनुदानित आणि महानगरपालिकेच्या शाळांतील मुले या परीक्षेला बसू शकतात. मात्र आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त असता कामा नये.

निवड झालेल्या विद्यार्थ्याला पूर्वी महिन्याला ५०० रुपये मिळत. २०१७ पासून ही रक्कम महिन्याला १,००० रुपये झाली. म्हणजे वर्षाचे १२,००० आणि नववी ते बारावी अशा चार वर्षांचे ४८,००० रुपये. वह्या-पुस्तके, गणवेश, बसचा पास, दहावीनंतरच्या कॉलेजची फी, कितीतरी खर्च त्यातून भागतात.

पण ही रक्कम निकालाबरोबर आपोआप घरी येत नाही. निवड झाल्यावर नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. तो आधी शाळा तपासते. मग जिल्ह्याचे अधिकारी तपासतात. त्यानंतर पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. या प्रत्येक पायरीला मुदत असते.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. तिचे वडील रिक्षा चालवत. ती या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जूनमध्ये ती नववीत गेली. अर्ज भरायची सूचना फलकावर लागली. तिने ती वाचली आणि घरी जाऊन अब्बांना सांगितले. अब्बा म्हणाले, "बघू, रविवारी बघू." रविवारी कार्यालये बंद असतात. असे करता करता दिवस गेले. मग उत्पन्नाचा दाखला जुना निघाला. नवा काढला, तर आधार कार्डावरचे नाव शाळेतल्या नावाशी जुळेना. ते दुरुस्त होईपर्यंत शेवटची तारीख उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती माझ्याकडे आली. कागदांत आता एकही चूक नव्हती. पण ते वरातीमागून घोडे होते.

ती मला म्हणाली, "सर, परीक्षा तर मी पास झाले होते ना?"

मला उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही अर्ज-विनंत्या केल्या, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला. तिने शाळा सोडली नाही, हे तिचे मोठेपण. मात्र संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेत ती अम्मीबरोबर कपड्यांवर टिकल्या लावण्याचे काम करू लागली.

यात चूक कोणाची? तिच्या एकटीची नक्कीच नव्हती. सूचना फलकावर लावली, की आपले कर्तव्य संपले, असे मीही समजलो होतो. तिला एकदा बोलावून विचारले असते, तर वेळ हाताशी होता. ही खंत मला आजही आहे.

काहीजण म्हणतील, "एवढे कागद कशाला? मुलगी हुशार आहे, गरीब आहे, परीक्षेत उत्तीर्ण झाली आहे. मग एका तारखेसाठी तिला नाकारायचे का?" हा प्रश्न अगदी योग्य आहे. रिक्षा चालवणारा किंवा जरीकाम करणारा माणूस दिवसभर रांगेत उभा राहिला, तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांना अर्ज भरणे सोपे जाते. ज्यांच्यासाठी शिष्यवृत्ती आहे, त्यांनाच ती मिळवणे जड जावे, हे बरोबर नाही. म्हणून प्रत्येक शाळेने निवड झालेल्या मुलांची यादी करावी, प्रत्येकाच्या अर्जाची चौकशी करावी आणि अर्ज शाळेतच भरून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण मित्रांनो, हे सारे सुधारेपर्यंत नुकसान कोणाचे होते? तुमचे. म्हणून मी म्हणतो, की ही तारीख अब्बांवर किंवा शिक्षकांवर सोडू नका. गुण तुम्ही मिळवले आहेत, तर तारीखही तुम्हीच सांभाळा.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर लहान आहोत." तसे नाही. तुमच्याकडे एक गोष्ट आहे, जी कदाचित घरात दुसऱ्या कोणाकडे नसेल. तुम्हांला मराठी वाचता येते. दाखल्याचा अर्ज, कार्यालयाबाहेरचा फलक, शाळेला आलेले परिपत्रक हे बहुधा मराठीत असते. अब्बांना ते वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून त्यांना उर्दूत समजावून सांगू शकता. मराठीच्या तासाला तुम्ही जे शिकता, त्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

आपल्या उपनगरांतील कामाची माहितीही करून घ्या. मुंबई उपनगर हा जिल्हा १९९० साली झाला. त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर आणि मुलुंड ही ठिकाणे कुर्ला तालुक्यात येतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. आपण कोणत्या तालुक्यात राहतो, हे ठाऊक नसले, तर एक फेरी फुकट जाते. दाखला कोणत्या वर्षाचा आहे, हे त्यावर लिहिलेले असते, तेही पाहून घ्या.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या घरांत ही अडचण फार येते. एका कागदावर 'मोहम्मद' पूर्ण लिहिलेले असते, दुसऱ्यावर नुसते 'मो.' असते. शाळेत आडनाव आधी, तर आधार कार्डावर शेवटी. बँकेच्या पासबुकावर वडिलांचे नावच नसते. आपल्याला माणूस एकच दिसतो, पण संगणकाला ती दोन माणसे वाटतात. म्हणून शाळेतली नोंद, आधार कार्ड आणि पासबुक आजच शेजारी शेजारी ठेवून वाचा. चूक आज सापडली, तर दुरुस्तीला वेळ मिळेल. निकालानंतर सापडली, तर तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होईल. अर्जात दिलेला मोबाइल क्रमांकही मध्येच बदलू नका, कारण संदेश त्याच क्रमांकावर येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन तारखा लिहा. एक सरकारने दिलेली आणि दुसरी तुमची स्वतःची, तिच्या पंधरा दिवस आधीची. अंधेरीहून आठ दहाची लोकल पकडायची असेल, तर आपण आठ दहाला घरातून निघतो का? रस्त्यात गर्दी असते, जिना चढायचा असतो, म्हणून आधी निघतो. अर्जाचेही तसेच आहे. त्यात काही चूक निघाली, तर तो दुरुस्तीसाठी परत येतो. शेवटच्या दिवशी भरलेल्या अर्जाला दुरुस्तीसाठी दिवसच उरत नाही. शिवाय ही शिष्यवृत्ती चालू ठेवण्यासाठी दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे एकदा मिळाली, की विसरून चालत नाही.

मुदतीची किंमत काय असते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातही दिसते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तेथून १९१६ साली ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. मुंबईत येऊन त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी केली, पैसे साठवले आणि मुदत संपण्याआधीच, १९२० साली, ते लंडनला परत गेले. १९२३ साली त्यांना तेथील डी. एस्सी. ही पदवी मिळाली. त्यांची बुद्धी अफाट होती, हे खरेच. पण ती परवानगी वेळेवर घेतली नसती, तर पुढचा मार्ग किती अवघड झाला असता!

मुलांनो, वेळेवर अर्ज भरणारा विद्यार्थी अधिक हुशार असतो, असे मी म्हणत नाही. तारीख चुकली म्हणून कोणी कमी हुशार ठरत नाही. म्हणूनच एका तारखेमुळे हुशार मुलाचा हक्क जाणे मला सहन होत नाही. तुमच्या वर्गात कोणाची निवड झाली असेल, तर त्याला विचारा, "तुझा अर्ज भरला का?" मी जे विचारायला विसरलो, ते तुम्ही विसरू नका.

त्या मुलीचा धाकटा भाऊ पुढे आठवीत आला. परीक्षेला अजून दोन महिने होते. एके दिवशी ती त्याला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी होती. तिने एकेक कागद माझ्यासमोर टेबलावर मांडला. भावाचे नाव सगळ्या कागदांवर सारखे होते. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा होता. पासबुक नवे होते.

"सर, आता याला फक्त अभ्यास करायचा आहे," ती म्हणाली.

उद्या शाळेत याल, तेव्हा सूचनाफलकासमोर दोन मिनिटे थांबा. तिथे एखादी तारीख लिहिलेली असेल, तर ती वहीत उतरवून घ्या आणि संध्याकाळी घरी सगळ्यांना वाचून दाखवा.