फरशी महाग, लेकरं स्वस्त

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या सात बाया विहार कमिटीपुढं गेल्या. मागणं एवढंच होतं, सकाळी साडेसहा ते दुपारी साडेतीन विहाराचा हॉल उघडा ठेवा, आम्ही कामावर असताना आमची लहान पोरं तिथं राहू द्या. कमिटीनं अर्ध्या तासात निकाल दिला. जमणार नाही. कारण काय, तर पोरं फरशीवर मुततील.

फरशी ग्रॅनाइटची आहे. वर्गणीतून बसवली. त्या वर्गणीत या सातही बायांचे पैसे आहेत, कुणी कांड्या भरून दिलेत, कुणी वाइंडिंगला उभं राहून दिलेत. आता तीच फरशी त्यांच्या लेकरांना नको आहे. संध्याकाळी वंदनेला एक तास दार उघडतं. बाकी तेवीस तास कुलूप. आत बुद्ध एकटा बसलेला.

काहीजण म्हणाले, आपल्यातलं आपल्यात ठेव, बाहेर हसं होईल. ठेवलं असतं. पण दोस्तांनो, ही पानं वाचणारे तुम्हीच उद्या कमिट्यांवर जाणार आहात, म्हणून तुमच्यापुढं मांडतो.

आधी माझ्या घरातलं सांगतो, म्हणजे हा दुसऱ्यांकडं बोट दाखवतोय असं कुणी म्हणायला नको. मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. बायको वाइंडिंगला, ठेकेदाराच्या हाताखाली, सात ते तीन. आमची पोरगी दोन वर्षांची. गेल्या पावसाळ्यात माझी रात्रपाळी होती. बायको सकाळी गेली, पोरगी माझ्याजवळ. आठ तास साच्यांच्या आवाजात उभं राहून आलेला माणूस किती वेळ जागणार? मी आडवा झालो. पोरगी माझ्यापासून हातभर अंतरावर खेळत होती. स्टोव्हवर अंघोळीचं पाणी होतं. तिनं पातेलं ओढलं. तिच्या ओरडण्यानं मी उठलो नाही, शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी दार वाजवलं तेव्हा उठलो. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत. वाचला, पण कातडी आकसलीय.

त्या दिवशी बायको मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग आम्ही हिशोब मांडला. एकानं काम सोडायचं, तर खोलीभाडं आणि हप्ता कुठनं? खाजगी पाळणाघरात ठेवायचं, तर महिन्याला अडीच हजार. तरी गेलो. बाईंनी पोरीचं नाव विचारलं, वय विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव सांगितलं आणि जागा भरली! दुसऱ्या ठिकाणी आडनाव विचारलं नाही, पण दहा बाय बाराच्या खोलीत बावीस पोरं, दाराला बाहेरून कडी आणि बाई भाजी आणायला गेलेली. अंगणवाडीत गेलो. सेविका ताई चांगल्या. म्हणाल्या, दादा, तीन वर्षांची झाली की आण, तोवर घरी न्यायचा आहार देते. आणि तीनची झाली तरी अंगणवाडी काही तासांची, बायकोची पाळी आठ तासांची. मधले तास कुणाच्या अंगावर? गावाकडं आईजवळ ठेवावी, तर आई स्वतः रोजानं भांगलायला जाते.

शेवटी काय केलं? मेहुणीची पोरगी आणली. वय वर्षं नऊ. चौथीत होती. आता ती माझ्या पोरीला भरवते, धुते, झोपवते. शेजारचे म्हणतात, पोरगी मोठी गुणाची हाय. होय, गुणाची आहे. तिचं नाव शाळेच्या पटावर आहे आणि ती माझ्या घरात आहे. माझी पोरगी भाजू नये म्हणून मी दुसऱ्याच्या पोरीची शाळा जाळली. सरकारी भाषेत याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. मी ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ लिहिलेल्या भिंतीखाली उभा राहून कविता वाचणारा माणूस आहे.

पांढरपेशांच्या पुरवण्यांत पालकत्वावर लेख येतात. बाळाला कुठलं खेळणं द्यावं, गाडीत कुठली खुर्ची बसवावी, टीव्ही किती दाखवावा, आईनं नोकरी करावी की करू नये. वाचतो मी ते. त्यातलं पुष्कळ खरंही असेल. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत असते, की निवडायला दोन वाटा आहेत आणि त्यातली एक बरी आहे. आमच्याकडं लेकरू स्टोव्हजवळ सोडायचं, की रस्त्यावर सोडायचं, की दुसऱ्या लेकराच्या कडेवर द्यायचं, एवढीच निवड. मग काही झालं की दवाखान्यातली बाई विचारते, ‘लक्ष नव्हतं का तुमचं?’

हे आजचं नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला बाळगोळी द्यायच्या. बाळगोळी म्हणजे अफू. आई साच्यावर असताना पोर गुंगीत पडून राहायचं. त्या वेळच्या सरकारी लेडी डॉक्टरनं चाळींत फिरून हे नोंदवून ठेवलंय. आयांना तेव्हाही अडाणी म्हटलं गेलं. आज आमच्या वस्तीत दुपारी फिरा. खोल्यांना बाहेरून कडी आणि आत पोराच्या हातात मोबाइल. फुकटचा, आवाज करणारा, रंगीत. गोळी बदलली, पाळी तीच. आणि खोकला झाला तर दुकानातली बाटली, कारण डॉक्टरकडं जायला अर्धा रोज मोडतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची वीसच्या वर पोरं खोकल्याच्या औषधानंच गेली, विष होतं त्यात. त्यातल्या कित्येकांनी नागपूरच्या दवाखान्यांत जीव सोडला. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. तिथं कुठल्या आईचं लक्ष नव्हतं?

आता कायद्याकडं या. मी शिकलेला नाही, दहावी नापास. पण गिरणीच्या गेटवर बसून कायदा वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

१९४८ चा कारखाना कायदा म्हणाला, पन्नासच्या वर बाया असतील तिथं सहा वर्षांखालच्या पोरांसाठी पाळणाघर हवं. १९७६ मध्ये पन्नासचे तीस केले. वाचायला बरं वाटतं. पण आकडा बायांचा धरल्यामुळं मालकानं काय करायचं ते केलं. तीस ठेवल्या, एकतिसावी ठेकेदाराच्या वहीत. नाहीतर बाया कमीच केल्या. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांतला सुमारे पाचवा हिस्सा बाया होत्या, पुढं पन्नास वर्षांत त्या फारच थोड्या उरल्या. यंत्रं आली हे एक कारण, पण बाळंतपणाचा आणि रात्रपाळीचा कायदा अंगावर नको हेही एक कारण. पोराचा खर्च बाईच्या नावावर लिहिला की बाईच महाग होते. आणि बापाचं नाव त्या खर्चात कुठंच नाही, जसं पोर आभाळातून पडलं!

२०१७ मध्ये बाळंतपणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन पोरांना सव्वीस आठवडे भरपगारी रजा, आणि पन्नास कर्मचारी असतील तिथं पाळणाघर, आईनं दिवसातून चार वेळा जाऊन बघायची मुभा. इथं पन्नासमध्ये बापेही मोजले. २०२० च्या नव्या संहितेतही तेच राहिलं, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. चांगली गोष्ट. पण आमच्याकडं एका छपराखाली चार बोर्ड असतात, चार नावांचे. एक बायकोच्या नावानं, एक भावाच्या, एक मेलेल्या आईच्या. माग एका ओळीत, मुकादम एकच, संडास एकच. कागदावर चार कारखाने आणि प्रत्येकात नऊ माणसं. पन्नास कुठनं भरणार? माझी बायको तीन वर्षं एकाच खात्यात आहे आणि मस्टरवर तिचं नाव नाही. सव्वीस आठवडे कुणाला? ती बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी उभी राहिली.

आणि राज्यघटनेचं ऐका. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली लिहिलेल्या कलम ४५ मध्ये होतं, चौदा वर्षं पुरी होईपर्यंतच्या सगळ्या पोरांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्यासाठी राज्य झटेल. सगळ्या. सहापासून असं नव्हतं. २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आली, शिक्षण मूलभूत हक्क झालं, आपण पेढे वाटले. पण हक्क सहा ते चौदाला. सहाच्या खालचं पोर कलम ४५ मध्येच ठेवलं, म्हणजे राज्य प्रयत्न करील, कोर्टात मागता येणार नाही. ज्या वयात पोर पाण्यात पडतं, भाजतं, चाकाखाली येतं, उपाशी राहून कायमचं खुरटतं, नेमकं ते वय हक्काच्या बाहेर. यावर आपण एक मोर्चा काढलाय का? मला आठवत नाही.

मी आता आपल्याकडं येतो, कारण मालकाला शिव्या घालणं सोपं आहे. त्याला शिव्या घातल्या की टाळ्या पडतात.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनं उचलावा, आणि तोवर मालकानं उचलणंही चुकीचं नाही. पुढल्या वर्षी कायदा झाला. १० नोव्हेंबर १९३८ ला त्यांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात आणला. रोहम यांनी तो मांडला, ठराव पडला. म्हणजे पोरं किती व्हावीत आणि त्यांचा खर्च कुणी सोसावा, हे दोन्ही सवाल त्या माणसानं घरातून उचलून सभागृहाच्या टेबलावर ठेवले. आणि ते ठेवणाऱ्या बापाची चार लेकरं लहानपणीच गेलेली होती. १९२६ मध्ये राजरत्न गेला. रमाईनं काय सोसलं ते आपण जयंतीला गाण्यात ऐकतो, डोळे पुसतो, आणि रमाईच्या वयाची बाई हॉलची किल्ली मागायला आली की तिला फरशी दाखवतो.

एक कमिटीवाला म्हणाला, विहार पवित्र जागा आहे. भावा, बुद्धाच्या संघात राहुल सात वर्षांचा होता म्हणतात. तो काय फरशीला पाय न लावता चालायचा? आणि १८६३ मध्ये जोतिबा-सावित्रीमाईंनी पुण्यात स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते पावित्र्य बाटेल म्हणून घाबरणाऱ्या लोकांच्या नाकावर टिच्चून काढलं. तुम्ही फोटो त्यांचा लावता आणि भाषा त्या घाबरणाऱ्यांची बोलता.

दुसरा म्हणाला, काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? हा प्रश्न मात्र मला खरा वाटतो. म्हणून उत्तर देतो. वस्तीत अशा वयाची चौदा पोरं आहेत. दोन बाया पगारी ठेवायच्या, एकीला नऊ हजार. हा पगार कमी आहे हे मला कळतं, पण आज वाइंडिंगला उभं राहून तेवढाही सुटत नाही. आत स्टोव्ह नाही, शेगडी नाही, डबे घरून. पाण्याच्या टाकीला झाकण आणि कुलूप. दाराला आतून वरची कडी, बाहेरून कधीच नाही. नेणाऱ्या-आणणाऱ्याची सही वहीत. महिन्याला अठरा हजार लागतात. दर पोरामागं घरानं सातशे दिले की नऊ हजार आठशे जमतात. उरले आठ हजार दोनशे, वर्षाचे अठ्ठ्याण्णव हजार चारशे. गेल्या जयंतीला साऊंड, लाइट आणि पताका मिळून एक लाख दहा हजार गेले. हिशोब विहाराच्याच फळ्यावर लावला होता, मी उतरवून घेतला.

जयंती करू नका असं मी म्हणत नाही. मीही नाचतो. पण साऊंडच्या भिंतीपुढं लेकरांच्या कानाचे पडदे फाटेपर्यंत आपण उभे राहतो, तेव्हा जबाबदार कोण हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि आपण लिहिणारे. आईवर मी सतरा कविता लिहिल्या. घामानं भिजलेली माय, राबणारी माय, चिंधी नेसलेली माय. लोक रडले. त्यातली बारा मी रविवारी लिहिली, जेव्हा माझी बायको आठवड्याचं धुणं एका हातानं धूत होती आणि दुसऱ्या हातात पोरगी होती. कार्यकर्ते मित्र घरी येतात, रात्री एकपर्यंत क्रांतीवर बोलतात, चार वेळा चहा होतो, पोरगी चार वेळा उठते. तिला झोपवायला आजवर एकही क्रांतिकारक उठला नाही. मीही नाही. सभेला बाया का येत नाहीत यावर मात्र आम्ही एक शिबिर घेतलं होतं, तीन वक्ते, तिन्ही बापे.

मालकाकडं पाळणाघर मागायचंच आहे. चार बोर्डांचा एक कारखाना कसा होतो हे कामगार खात्यापुढं मांडायचंय, त्याचा अर्ज लिहून तयार आहे, सह्या बासष्ट झाल्यात. सरकारकडं अंगणवाडीचे तास वाढवून मागायचे आहेत, सेविका ताईंचा पगार वाढवून. त्याला वर्षं लागतील. माझी पोरगी तोवर सहाची होईल आणि मेहुणीची पोर तेराची.

म्हणून कुलूप आधी आपलं.

कमिटीची पुढची बैठक अमावास्येनंतरच्या रविवारी आहे. बायांनी अर्ज पुन्हा दिलाय, यावेळी हिशोबासकट. एका बाईनं खाली लिहिलंय, फरशी आम्ही रोज दोनदा पुसू. मी तिला ते खोडायला सांगितलं, ती ऐकत नाही. बैठकीत काहीही ठरो, सोमवारी सकाळी साडेसहाला त्या सातजणी पोरं घेऊन विहाराच्या पायरीवर बसणार आहेत. किल्ली अध्यक्षांच्या घरी, आतल्या खोलीत खिळ्याला असते. त्या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे. सुटी सातला होते, मी सरळ तिकडंच येतो. मेहुणीच्या पोरीचं दप्तर धुऊन ठेवलंय.