परक्या भूमीतील समाध्या

लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यात, ब्रुकवुड नावाची एक विस्तीर्ण दफनभूमी आहे. तिच्या पारशी विभागात जमशेटजी टाटांची समाधी आहे. १९०४ साली जर्मनीतील बाद नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले आणि तेथून त्यांना येथे आणण्यात आले. दोराबजी आणि रतनजी हे त्यांचे दोन्ही पुत्रही येथेच विसावले आहेत. भारतीय भांडवलशाहीच्या या आद्य घराण्याच्या सान्निध्यात जमशेटजींच्या एका भाच्याची रक्षा पुरलेली आहे. हे भाचे म्हणजे शापुरजी सकलातवाला. १८७४ साली मुंबईत जन्मलेले, तरुणपणी टाटांसाठी लोखंडाच्या खाणी शोधीत रानोमाळ हिंडलेले, आणि पुढे १९२४ साली लंडनच्या नॉर्थ बॅटर्सी मतदारसंघातून कम्युनिस्ट म्हणून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले.

मामा पोलादाचे सम्राट, भाचा कामगारांचा पुढारी, आणि शेवटी दोघेही एकाच कुंपणात, हा नियतीचा विनोद म्हणून सोडून देता येईल. परंतु सकलातवाला येथे का आहेत, या प्रश्नाचे उत्तर नियतीने दिलेले नाही; ते सरकारी हुकमाने दिलेले आहे. १९२७ च्या प्रारंभी ते हिंदुस्थानात आले, गावोगाव सभा घेतल्या, गांधीजींशी जाहीर पत्रव्यवहार करून चरख्याच्या अर्थकारणावर वाद घातला. ते इंग्लंडला परतताच हिंदुस्थानात पुन्हा पाऊल ठेवण्यास त्यांना बंदी झाली. १९२९ साली मजूर पक्षाचे सरकार अधिकारावर आले. ज्या पक्षाच्या पाठिंब्यावर सकलातवाला १९२२ साली प्रथम निवडून आले होते, त्या पक्षाच्या सरकारनेही ती बंदी उठवली नाही. जानेवारी १९३६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्याला जिवंतपणी स्वतःच्या जन्मगावी जाता येत नाही, त्याचे थडगे कोठे असावे हे त्याच्या मरणाआधीच ठरून गेलेले असते.

परदेशी मरण पावलेल्या राजकीय नेत्यांच्या समाध्यांकडे भाविकतेने पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. ‘मायभूमीची माती लाभली नाही’ असे म्हणून हळहळ व्यक्त केली जाते आणि अस्थी परत आणण्याची मागणी पुढे येते. ही हळहळ खोटी नसते. परंतु अशा प्रत्येक समाधीच्या मागे एक प्रशासकीय निर्णय उभा असतो: कोणीतरी पारपत्र नाकारलेले असते, कोणीतरी वॉरंट काढलेले असते, कोणीतरी परतीसाठी अट घातलेली असते. मादाम कामांना १९३५ साली मुंबईत परतता आले ते यापुढे राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून दिल्यावर. श्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत १९०७ साली हिंदुस्थानचा ध्वज फडकवणाऱ्या या बाईंना आपल्या शहरात मरण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली, आणि त्या परतल्यावर वर्षभरही जगल्या नाहीत. त्यांची अखेर मुंबईत झाली म्हणून त्यांचा वनवास सकलातवालांपेक्षा कमी ठरतो काय?

सत्तेला जिवंत माणसाइतकेच मृत माणसाचेही भय वाटते, याचे मुंबईने पाहिलेले उदाहरण विठ्ठलभाई पटेलांचे आहे. मध्यवर्ती कायदेमंडळाचे हे पहिले निर्वाचित हिंदी अध्यक्ष २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळच्या एका रुग्णालयात वारले. अखेरच्या आजारात सुभाषचंद्र बोस त्यांच्या जवळ होते. त्यांचे शव बोटीने मुंबईस आले. टिळकांवर १९२० साली जेथे अंत्यसंस्कार झाले त्या चौपाटीवरच विठ्ठलभाईंनाही अग्नी द्यावा ही इच्छा होती. सरकारने ती मान्य केली नाही, आणि नोव्हेंबरमध्ये सोनापुरात दहन झाले. धाकटे बंधू वल्लभभाई तेव्हा नाशिकच्या तुरुंगात होते. अंत्ययात्रेपुरती सुटका अटींसह देऊ केली गेली, ती त्यांनी घेतली नाही. चौपाटीच्या वाळूत अग्नी दिल्याने साम्राज्य कोसळणार नव्हते. पण टिळकांच्या दहनानंतर ती जागा लोकांची झाली होती, आणि अशी दुसरी जागा, किंवा त्याच जागेचा दुसरा दिवस, लोकांच्या हाती लागू द्यावयाचा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटले. पूर्वीचे सरकार अस्थींना दूर ठेवीत असे. आताची सरकारे त्यांना आणावयास विमाने पाठवतात. पंडित श्यामजी कृष्णवर्मा ३० मार्च १९३० रोजी जिनिव्हात वारले. आपली व पत्नी भानुमतीबाईंची रक्षा शंभर वर्षे सांभाळली जावी आणि देश स्वतंत्र झाल्यावर ती मायदेशी धाडावी, अशी तजवीज त्यांनी तेथील सेंट जॉर्ज दफनभूमीकडे पैसे भरून करून ठेवली होती. व्यापारात पैसा कमावलेल्या आणि त्याच पैशातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या या गृहस्थांचा हिशेब चोख होता. स्वातंत्र्य सतरा वर्षांत आले. रक्षा न्यावयास मात्र २००३ साल उजाडले. मधल्या छप्पन्न वर्षांत दिल्लीत ज्यांची सरकारे होती त्यांना याची लाज वाटावयास हवी, हे आधीच म्हटलेले बरे. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २००३ मध्ये ते कलश स्वीकारले, गुजरातभर त्यांची यात्रा निघाली, आणि पुढे २०१० साली मांडवीला लंडनच्या ‘इंडिया हाउस’ची प्रतिकृती उभी राहिली.

त्या मूळ ‘इंडिया हाउस’चे उद्घाटन १ जुलै १९०५ रोजी कोणी केले? हेन्री हाइंडमन या इंग्रज समाजवाद्याने. ते घर लंडनच्या हायगेट भागात होते. मार्क्सचे थडगे तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. ‘इंडियन सोशियॉलॉजिस्ट’ या आपल्या पत्राला श्यामजींनी स्वातंत्र्याबरोबरच राजकीय, सामाजिक आणि धार्मिक सुधारणांचे मुखपत्र म्हटले होते. इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर त्यांचे श्रद्धास्थान होते. दयानंदांचे शिष्यत्व आणि ऑक्सफर्डमधील संस्कृतचे अध्यापन हेही त्यांच्या आयुष्याचे भाग होते. अशा गुंतागुंतीच्या माणसाला कलशात भरून आणले की त्याचा गुंता सुटा होतो, आणि मिरवणुकीस सोयीचे तेवढेच वर राहते. सकलातवाला काय, श्यामजी काय, मृतांना हरकत नोंदवता येत नाही.

हा केवळ एका पक्षाचा किंवा एका देशाचा दोष नव्हे, हे दक्षिण आफ्रिकेत दिसून आले. जे. बी. मार्क्स आणि मोझेस कोटाने हे तेथील कम्युनिस्ट पक्षाचे दोन ज्येष्ठ नेते वनवासात असताना मॉस्कोत वारले. मार्क्स १९७२ साली, कोटाने १९७८ साली. दोघांनाही नोवोदेविची या मानाच्या दफनभूमीत जागा मिळाली. मार्च २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांचे अवशेष मायदेशी आणून नॉर्थ वेस्ट प्रांतात, पेला आणि व्हेंटर्सडॉर्प या त्यांच्या मूळ गावी, राष्ट्रीय सन्मानाने पुन्हा दफन केले. आता मार्क्स हे कोण होते हे ध्यानात घ्यावे. आफ्रिकी खाणकामगार संघटनेचे ते अध्यक्ष. ऑगस्ट १९४६ चा साठ हजारांहून अधिक खाणकामगारांचा संप त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. मागणी होती दिवसाला दहा शिलिंग मजुरीची. पोलिसांनी तो संप चिरडला आणि किमान नऊ कामगार मारले गेले.

बरोबर सहासष्ट वर्षांनी, १६ ऑगस्ट २०१२ रोजी, त्याच नॉर्थ वेस्ट प्रांतातील मारिकाना येथे प्लॅटिनमच्या खाणीतील संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. चौतीस कामगार ठार झाले. हे पोलीस गोऱ्यांच्या राजवटीचे नव्हते; मार्क्स आणि कोटाने यांनी ज्या चळवळीसाठी आयुष्य वेचले त्याच चळवळीच्या सरकारचे होते. राष्ट्रीय खाणकामगार संघटनेचे एकेकाळचे सरचिटणीस त्या वेळी त्या खाण कंपनीच्या संचालक मंडळावर बसलेले होते. आणि अडीच वर्षे उलटतात तोच त्याच सरकारने त्याच प्रांतात १९४६ च्या संपाच्या नेत्याला राष्ट्रध्वजात गुंडाळून मातीत ठेवले. वेतनवाढीपेक्षा अस्थी स्वस्त पडतात, हे अर्थशास्त्र कोणत्याही खजिनदाराला समजते.

मार्क्स यांच्या पश्चात पक्षाचे अध्यक्ष झालेले डॉ. युसुफ दादू मात्र परत गेलेले नाहीत. हिंदी वंशाचे हे नेते सप्टेंबर १९८३ मध्ये लंडनमध्ये वारले आणि हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या थडग्यापासून काही पावलांवर पुरले गेले. कार्ल मार्क्स स्वतःही तेथे निर्वासित म्हणूनच आला होता. १८८३ साली त्याच्या दफनाला दहाबारा माणसे होती. आज ते थडगे पाहावयाचे तर दफनभूमीच्या दारात प्रवेश शुल्क द्यावे लागते. दादूंच्या जागेबद्दल हळहळ वाटण्याचे मुळीच कारण नाही. वर्णद्वेषी राजवटीने त्यांना कोठवर ढकलले आणि तेथे त्यांनी कोणाची संगत धरली, हे ती जागाच सांगते.

समाधीची जागा हाच पुरावा असतो, हे स्पेनने उशिरा का होईना ओळखले. प्रजासत्ताकाचे अध्यक्ष मान्वेल असान्या नोव्हेंबर १९४० मध्ये फ्रान्समधील मोंतोबां गावी वारले. पेतां सरकारच्या अधिकाऱ्याने त्यांच्या शवपेटीवर प्रजासत्ताकाचा ध्वज घालू दिला नाही. तेव्हा मेक्सिकोच्या राजदूताने स्वतःच्या देशाचा ध्वज पेटीवर पांघरला. असान्या आजही मोंतोबांमध्येच आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पेनचे समाजवादी पंतप्रधान पेद्रो सांचेझ त्या थडग्यापाशी गेले आणि देशाने क्षमा मागावयास फार उशीर केला, हे त्यांनी कबूल केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सरकारने हुकूमशहा फ्रँकोचे शव त्याच्या भव्य स्मारकातून हलवले. असान्यांना आणावयाचे नाही, आपण त्यांच्याकडे जावयाचे; आणि हलवावयाचेच असेल तर ज्याने त्यांना घालवले त्याला. अस्थींच्या राजकारणातील इतका सरळ निर्णय क्वचितच कोणत्या सरकारने घेतला असेल.

परंतु साम्राज्यवाद्यांना आणि सत्ताधाऱ्यांना दोष देऊन समाजवाद्यांची सुटका होत नाही. ज्या सोव्हिएत देशाने कोटाने आणि मार्क्स यांना नोवोदेविचीत जागा दिली, त्याच देशात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांना थडगेही मिळालेले नाही. सरोजिनी नायडूंचे हे बंधू लंडनला श्यामजींच्या ‘इंडिया हाउस’मध्ये वावरले, बर्लिनमध्ये साम्राज्यवादविरोधी संघाचे चिटणीस झाले, पुढे लेनिनग्राडमध्ये स्थिरावले आणि तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करू लागले. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबरला गोळी घालण्यात आली. ताश्कंदच्या हिंदी कम्युनिस्ट पक्षाचे एक संस्थापक अवनी मुखर्जी यांचाही त्याच वर्षी त्याच रीतीने शेवट झाला. या दोघांना इंग्रज सरकार वर्षानुवर्षे शोधीत होते. ते सापडले त्यांच्याच बाजूच्या पोलिसांना. आपल्याकडील डाव्या नियतकालिकांनी त्या काळात, आणि पुढे कितीतरी वर्षे, याविषयी जे मौन पाळले ते अज्ञानाचे म्हणून किती काळ खपवावयाचे?

म्हणून पक्षाच्या व्यासपीठावरून कोणाच्या अस्थी परत आणण्याची मागणी होऊ नये. मागणी करावयाची तर कागदांची करावी. चट्टोपाध्याय आणि मुखर्जी यांच्यावरील खटल्यांची दप्तरे भारत सरकारने मॉस्कोकडून मागून घ्यावीत आणि ती येथील अभ्यासकांना खुली करावीत. सकलातवालांची पार्लमेंटातील भाषणे कार्यकर्त्यांच्या शिबिरांत वाचली जावीत. स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढावयास गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी आपल्या पलटणीला सकलातवालांचे नाव दिले होते; समाधी कोठे आहे हे त्यांनी विचारले नव्हते.

आणि उद्या एखाद्या सरकारला ब्रुकवुडची ती रक्षा वाजतगाजत मुंबईस आणावीशी वाटली, तर कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे. १ मे १९२६ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये सकलातवालांनी सैनिकांना आपल्याच लोकांवर गोळी झाडू नका असे आवाहन केले आणि त्यासाठी दोन महिने तुरुंग भोगला. ते भाषण कलशाच्या शेजारी उभे राहून वाचून दाखवण्याची परवानगी मिळणार आहे काय?