डायनासोर विणणारे कॅडेट

आपल्या शाळेच्या छंदवर्गात विमानांची मॉडेल्स आहेत, फोटोग्राफी आहे, सुतारकाम आहे. त्या यादीत क्रोशाचे विणकामही यावे आणि त्यातून लहान मुलांसाठी लोकरीचे डायनासोर तयार व्हावेत, असे माझे मत आहे. हे काम मी सुट्टीत आजीकडून शिकलो. हॉस्टेलमध्ये सुई बाहेर काढली की "बांगड्या कधी भरणार?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर इथे देतो.

आपल्या प्रत्येकाच्या ट्रंकेत सुईदोरा असतो. तुटलेले बटण आपणच लावतो. ब्रिटिश सैनिकांच्या सुईदोऱ्याच्या पिशवीला तर 'हाउसवाइफ' असेच नाव होते आणि ती घेऊन ते लढाईवर जात. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना भरतकाम शिकवले गेले. बटण लावले तर शिस्त आणि खेळणे विणले तर बायकी काम, हा फरक मला समजत नाही.

यात शिकण्यासारखे काय, असेही विचारतात. सुरुवातीच्या कड्यात ६ मुके खांब घ्यायचे. पुढच्या फेरीत १२, मग १८, मग २४. दर फेरीला सहा वाढवले तर वीण सपाट राहते. वाढवणे थांबवले की कडा उभी राहते, कमी करत गेलो की पोट मिटते. एक टाका सुटला तर मान वाकडी होते. मग तिथपर्यंत उसवून पुन्हा विणावे लागते. ड्रिलच्या उस्तादांना हे लगेच पटेल.

बाजारात खेळणी स्वस्त मिळतात, हे खरे. पण मी पाहिलेल्या दुकानांत टी-रेक्सच असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा लांब मानेचा इसिसॉरस किंवा नर्मदेच्या खोऱ्यातला राजासॉरस तिथे नसतो. या दोघांना आजची नावे २००३ मध्ये मिळाली. आपल्याच मातीतले हे प्राणी आपण विणू शकतो. शिवाय डोळे बटणांचे न लावता काळ्या दोऱ्याने भरता येतात, म्हणजे लहान मूल ते तोडून गिळणार नाही.

आता मुख्य मुद्दा. कॅम्पसमधल्या बालवाडीत मेसच्या भैयांची, माळीकाकांची, धोबीकाकांची मुले येतात. आपला चहा वेळेवर मिळावा म्हणून त्यांचे वडील पहाटे चारला उठतात. त्या मुलांपैकी किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? देशाचे रक्षण करणार असे आपण रोज म्हणतो. त्या देशात भिंतीपलीकडची ही मुलेही आहेत. एखाद्यासाठी आठवडाभर बसून काही विणायचे तर आधी त्याचे नाव, वय, आवडता रंग विचारावा लागतो. तेवढी ओळख झाली तरी पुष्कळ.

म्हणून सरांना विनंती, रविवारचा अर्धा तास द्यावा. पालकांना विनंती, घरातली उरलीसुरली लोकर पाठवावी. सुया माझ्याकडे तीन आहेत. एक मला लागेल. उरलेल्या दोन कोण घेणार?