हरकत घेण्याची मुदत

मतदानाचें महत्त्व पाठ्यपुस्तकांत पुष्कळ वर्णिलेलें असतें. परंतु मतदारसंघाची सीमा कशी आंखली जाते, हें विचारणारे विद्यार्थी व पालक विरळाच. आपला झरी जामणी तालुका वणी विधानसभा मतदारसंघांत आहे. हा मतदारसंघ यवतमाळ जिल्ह्यांतला, पण लोकसभेसाठीं चंद्रपुरास जोडलेला! ही आजची रचना २००८ सालच्या आदेशाची आहे.

अशी रचना ठरविण्यापूर्वीं आयोगानें मसुदा राजपत्रांत प्रसिद्ध करावा, नेमलेल्या तारखेपूर्वीं आलेल्या हरकती व सूचना विचारांत घ्याव्या आणि जाहीर बैठकी भरवाव्या, असें २००२ च्या परिसीमन कायद्याचें कलम ९ सांगतें. कलम १० मात्र कठोर आहे. अंतिम आदेशास कोणत्याही न्यायालयांत आव्हान देतां येणार नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. उघड मनमानी असल्यास न्यायालयाचें दार अगदींच बंद नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं दिला खरा. पण तेथवर जाण्याचें बळ आपल्यापैकीं किती जणांस? तेव्हां बोलावयाचें तें मुदतींतच.

परंतु राजपत्र कोलामांच्या पोडावर कोण वाचतो? जें ऐकूंच आलें नाहीं, त्यावर हरकत घेतली नाहीं म्हणून संमति गृहीत धरणें मला न्याय्य वाटत नाहीं. मसुद्याची दवंडी मुकुटबन व पाटणसारख्या गांवीं पिटावी, पोडोपोडीं तो कोलामींत समजावून सांगावा, आणि निरक्षर आजोबांनीं तोंडीं सांगितलेली हरकतही तेथेंच लिहून घ्यावी. लेखणी धरण्यास आमच्या वरच्या वर्गांतील मुलें पुरेशीं आहेत.